खारे पाणी आणि समुद्रजल : पोटॅशियमचे मापन व पूर्ती

प्रवरेच्या कालव्यांखालील अहिल्यानगर जिल्ह्यातील काही काळ्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, हे सर्वश्रुत आहे. अशा भागातील विहिरीचे खारट पाणी सागरी जीवांच्या काचपात्रास चालेल काय? याचे उत्तर पाण्याच्या चवीत नसून क्षारांच्या परस्परप्रमाणात आहे.

दर हजारी ३५ क्षारतेच्या समुद्रजलात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे सोडियमच्या सुमारे एक-सत्तावीसांश पोटॅशियम असते. भूजलातील पोटॅशियम चिकणमातीचे कण धरून ठेवतात. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या खाऱ्या पाण्यात त्याची बहुधा उणीव असते. पोटॅशियमवाचून शरीरातील क्षारांचा समतोल राखणारे विकर मंदावते आणि कोळंबी दगावते.

प्रथम क्षारता मोजावी, कारण अपेक्षित प्रमाण तिच्यावर ठरते. क्षारता २० असल्यास ते सुमारे २३० मिलिग्रॅम होय. नंतर फ्लेम फोटोमीटरने पोटॅशियम मोजावे. सोडियममुळे हे वाचन फुगते. म्हणून प्रमाण द्रावणांतही नमुन्याइतकेच सोडियम क्लोराइड असावे. या चुकीने खरी तूट झाकली जाते.

समजा, ३५ क्षारतेच्या १०० लिटर पाण्यात लिटरला ३४० मिलिग्रॅम आढळले. तूट ६० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ६ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइडमध्ये पोटॅशियम ५२ टक्के असते. अर्थात सुमारे ११.५ ग्रॅम लवण लागेल. ते शुद्ध पाण्यात विरघळवून तीन दिवसांत विभागून घालावे आणि प्रत्येक मात्रेनंतर फेरमापन करावे. अधिक मात्राही घातकच असल्याने मापनावाचून पूर्ती करू नये.