ट्रॅक्टरला बांधलेला खराटा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतो. तिचा थोरला भाऊ खराटा मात्र त्या दिवशीही अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा! घरातला केर केरसुणीचा, बाहेरचा खराट्याचा, अशी ही जुनी वाटणी. गावोगावचे रस्ते आणि बाजार आजही पुष्कळ ठिकाणी त्याच्याच जिवावर झाडले जातात. म्हणजे खरे पाहता, तो धरणाऱ्या बाईच्या किंवा बाप्याच्या कमरेच्या जिवावर. हाच खराटा छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडता येतो आणि तो कसा जोडतात, हे मोठे मौजेचे आहे.

दिवाळीच्या सुटीत जव्हारला जाणारी मंडळी शिरपामाळ पाहिल्याखेरीज सहसा परतत नाहीत. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी मानाचा शिरपेच देऊन त्यांचे स्वागत केले आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे सांगतात. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. तिथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. चार महिने उतारावरची माती पाण्याबरोबर रस्त्यावर येते, आश्विनाच्या उन्हात वाळते आणि दिवाळीच्या सुमारास तिची धूळ होते. त्यात झाडांचा पाला, आणि पाहुणे येऊन गेले की त्यांचे कागद व पिशव्या. अशी वाट हातखराट्याने झाडणे म्हणजे दिवसच्या दिवस वाकून राहणे आणि आपणच उडवलेली धूळ आपणच छातीत भरून घेणे.

मुंबईच्या रस्त्यांवर फिरणारी मोठी झाडणगाडी इथे काय कामाची? तिला सपाट, रुंद, कडेला दगड बसवलेला रस्ता हवा. शिवाय ती घ्यायची, तर लहान गावाची तिजोरीच झाडून निघायची! पण पंधरा ते तीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर ही गोष्ट वेगळी. महिंद्रांचा ‘युवराज २१५’ पंधरा अश्वशक्तीचाच आहे. असा ट्रॅक्टर पाण्याची टाकी ओढतो, कचऱ्याची ट्रॉली ओढतो आणि उरलेला वेळ उभा असतो. त्याच्या या रिकाम्या वेळात खराटा त्याच्या गळ्यात बांधावा. गळ्यात कसला, शेपटीला!

यंत्राने रस्ता झाडण्याची कल्पना काही नवी नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० च्या दशकात मँचेस्टरचे रस्ते घोडा जुंपलेल्या झाडणयंत्राने झाडून दाखवले. ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती मागच्या दांड्यातून बाहेर काढून दुसरे यंत्र फिरवायचे, याला आपले शेतकरी ‘पीटीओ’ म्हणतात. ती सोय १९१८ साली अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने आपल्या ट्रॅक्टरवर विकायला आणली. मौज अशी, की १९६३ साली महिंद्रांनी मुंबईत ट्रॅक्टरचा कारखाना काढला, तेव्हा याच कंपनीची त्यात भागीदारी होती.

अवजार मागे अडकवण्याची तीन टोकांची जोडणी मात्र हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाची. पेटंट १९२६ चे. त्याआधी नांगराचा फाळ दगडाला अडला, की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो चालकासकट मागे उलटे. फर्ग्युसनच्या तीन बिंदूंनी पुष्कळ जीव वाचवले असतील.

आता प्रत्यक्ष जोडणी. ट्रॅक्टर सपाट जागी सावकाश मागे घ्यावा. आधी डावा खालचा हात ब्रशच्या पिनेत अडकवावा, मग उजवा. कारण बहुतेक ट्रॅक्टरांत उजव्या हाताची उंची फिरकीने कमीजास्त करता येते. शेवटी वरची ‘टॉप लिंक’. खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची असली म्हणजे जोड बरोबर बसतो. अगदी लहान ट्रॅक्टरांचे माप याहून बारीक असू शकते, म्हणून ब्रश विकत घेण्यापूर्वीच पट्टी लावून पाहावी. ठोकून बसवलेली पिन रस्त्यात दगा देते.

रुंदीचाही हिशेब आहे. केर बाजूला पडावा म्हणून ब्रश तिरपा धरतात. पाच फुटी ब्रश तीस अंशांत वळवला, तर झाडला जाणारा पट्टा सव्वाचार फुटांच्या आसपासच उरतो. तो मागच्या चाकांपेक्षा अरुंद पडला, तर झाडलेली धूळ पुढच्या फेरीत चाकेच पुन्हा पसरवतात.

मग येतो पीटीओचा दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि इथे थांबून वाचावे. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. ब्रश स्वतः त्याहून पुष्कळ सावकाश फिरतो, म्हणून पाहणाऱ्याला भीती वाटत नाही. पण धोका दांड्यात आहे. पदराचे टोक, धोतराचा सोगा, गळ्यातला रुमाल त्यात अडकला, तर दोन मीटर कापड सेकंदाभरात गुंडाळले जाते आणि कापडामागोमाग माणूस. दांड्यावरची प्लॅस्टिकची नळी ही शोभेची वस्तू नव्हे. ती फुटली म्हणून काढून टाकणारे महाभाग असतात. त्यांच्या हाती ट्रॅक्टरची किल्ली देऊ नये. इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याखेरीज मागे हात घालायचा नाही, हा नियम मोडायला एकही कारण पुरेसे नाही. दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. ब्रश वरखाली करून त्याची लांबी तपासावी: आखूड झाल्यावरही थोडी मोकळीक राहिली पाहिजे आणि लांब झाल्यावरही नळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या पाहिजेत.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या ब्रशच्या उंचीत. जोराने दाबला की जास्त साफ होते, हा समज भांडी घासताना खरा असेल, झाडताना नाही. दाबलेल्या ब्रशाचे केस वाकतात, त्यांच्या टोकांऐवजी कुशी जमिनीला लागतात आणि महिन्याचे केस आठवड्यात झिजतात. परीक्षा सोपी आहे. धुळीच्या जागी ट्रॅक्टर उभा करून ब्रश अर्धा मिनिट जागच्या जागी फिरवावा, उचलावा, ट्रॅक्टर पुढे घ्यावा आणि जमिनीवर उमटलेला पट्टा पाहावा. दोनचार इंच रुंद, दोन्ही टोकांना सारखा असा पट्टा आला तर उंची जमली. एका बाजूला निमुळता झाला, तर उजव्या हाताची फिरकी फिरवावी.

जव्हारसारख्या चढउताराच्या मुलखात आणखी एक काळजी घ्यावी. मागे वजन टांगले की छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि चढावर चाक वळवले तरी ट्रॅक्टर हवा तसा वळत नाही. पुढे वजनाच्या पाट्या लावल्याशिवाय चढाला लागू नये. झाडताना थोडे पाणी शिंपडले तर धूळ लोकांच्या घरात जात नाही. पोलादी तारांचा ब्रश चिकटलेल्या चिखलाला चांगला, पण कोरीव दगड आणि फरशी यांच्या वाऱ्यालाही तो नेऊ नये. तिथे प्लॅस्टिकच्या केसांचाच हवा. पायऱ्यांवर आणि स्मारकाभोवती हातखराटाच लागणार. मला विचाराल, तर ट्रॅक्टरच्या बैठकीवर नवा माणूस आणू नये. इतकी वर्षे जो वाकून झाडत होता किंवा झाडत होती, त्यालाच, तिलाच, चालवायला शिकवावे. कुठे माती साचते आणि कुठे काच पडलेली असते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

काम संपल्यावर ब्रश जमिनीवर टेकवून ठेवू नये. एका रात्रीत केसांना बाक येतो आणि सकाळी तो एका बाजूला आचके देत फिरतो. खाली ठोकळे घालून केस अधांतरी राहतील असा ठेवावा, आणि तोही सावलीत, कारण उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन तुटते.