ठोका तोच, काम जास्त

टँडी कंपनीने 1986 मध्ये ‘कलर कॉम्प्युटर 3’ बाजारात आणला. रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या या घरगुती संगणकाला मालक लाडाने ‘कोको’ म्हणत. आत मोटोरोलाचा 6809 प्रोसेसर, वेग 0.89 मेगाहर्ट्झ. बेसिकमध्ये ‘पोक 65497,0’ एवढं टाकलं की वेग दुप्पट व्हायचा. त्यापुढे वाट बंद. प्रोसेसरचे ठोके आणि टीव्हीवरच्या रंगीत चित्राचे संकेत एकाच क्रिस्टलवरून निघत. क्रिस्टल बदलला की चित्र बिघडणार.

यावर निघालेला तोडगा मला हौशी मंडळींच्या कामातला सर्वांत देखणा वाटतो. क्रिस्टलला हात लावायचा नाही, प्रोसेसरच बदलायचा.

हिताची कंपनी 6809च्या जोडीची 6309 ही चिप बनवत असे. चाळीस पाय, सगळे जागच्या जागी. शिवाय सीमॉस, म्हणून वीज कमी खाणारी आणि कमी तापणारी. तिच्या आत जादा रजिस्टरं होती, 16 बिटी गुणाकार होता, भागाकारही होता. हिताचीने मात्र हे जाहीर केलं नाही. मोटोरोलाशी असलेल्या करारामुळे, असं सांगतात. जपानी हौशी लोकांनी ते हुडकून काढलं आणि 1992च्या सुमारास कोकोवाल्यांच्या कानावर घातलं.

चालू होताना ही चिप हुबेहूब 6809सारखी वागते. एक सूचना दिली की ‘नेटिव्ह मोड’ सुरू होतो आणि कितीतरी आज्ञा कमी ठोक्यांत उरकतात. मेमरीतला मजकूर हलवायचा साधा लूप 6809वर बाइटमागे वीसेक ठोके खातो. 6309ची ‘टीएफएम’ ही एकच आज्ञा तेच काम बाइटमागे तीन ठोक्यांत करते.

जुनी चिप बोर्डावर थेट सोल्डर केलेली असते. ती अखंड काढायचा मोह टाळावा. पाय चिपच्या अंगालगत कटरने कापावेत आणि मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढावा. चिप जाते, पण बोर्डावरचे नाजूक तांब्याचे पट्टे वाचतात, आणि वाचवायचे असतात ते तेच. मग सॉकेट बसवायचं. नवी चिप घेताना नावाच्या शेवटी ‘ई’ हवाच: 63सी09ई. ‘ई’ नसलेली चिप ठोके स्वतः तयार करते. कोकोत ती चालत नाही.

ओएस-9 या कार्यप्रणालीत फेरफार करून बनवलेली नायट्रॉस-9 नेटिव्ह मोडचा पुरेपूर फायदा घेते. जुने काही प्रोग्राम मात्र नेटिव्ह मोडमध्ये अडखळतात, कारण इंटरप्टच्या वेळी स्टॅकवर 12ऐवजी 14 बाइट ठेवले जातात.

विकत घेतलेली चिप अस्सल आहे ना, हे तपासायला बी रजिस्टरमध्ये शून्य सोडून कुठलाही आकडा भरावा आणि 10 4एफ हे दोन हेक्स बाइट चालवावेत. 6809 फक्त ए पुसतो. बीसुद्धा शून्य झाला, तर चिप 6309 आहे.