मोटारीची भाषा

स्टिअरिंग, क्लच, ब्रेक, गिअर, हॉर्न, लायसन्स हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी आता इतके रुळले आहेत की, ते इंग्रजीतून आले याचे आपल्याला स्मरणही राहत नाही. ज्याने इंग्रजीचे एकही पुस्तक कधी उघडले नाही, असा ट्रकचालकही 'क्लच दाब', 'गिअर बदल' असे सहज म्हणून जातो. परंतु या शब्दांचे मूळ शोधू लागले म्हणजे मोठी मौज वाटते. यंत्र नवे, पण त्याचे शब्द मात्र फार जुने, असे दिसून येते.

जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट मिळवले. पुढे हे वाहन देशोदेशी पसरले. त्याच्यासाठी सगळेच शब्द कोणी नव्याने घडवीत बसले नाही. लोकांनी आपल्या रोजच्या कामातले ओळखीचे शब्द उचलले. 'ड्राइव्ह' या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ गुरे हाकणे असा आहे. गुरे हाकणारा तो 'ड्रायव्हर'. आपल्याकडेही असेच घडले; बैलगाडी हाकणारे लोक पुढे मोटारही 'हाकू' लागले.

'स्टिअर' हा मूळचा नाविकांचा शब्द. नौकेला सुकाणूने दिशा देणे, हा त्याचा अर्थ. बेंझ यांच्या त्या गाडीला आजच्यासारखे गोल चाक नव्हते. एका लहानशा दांड्याने ती वळवावी लागे. 'हॉर्न' म्हणजे जनावराचे शिंग. आपले पूर्वजही शिंग फुंकून लोकांना सावध करीत असत. 'डॅशबोर्ड' ही तर घोडागाडीच्या पुढच्या बाजूस बसवलेली फळी. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल ती अडवीत असे. घोडे गेले, चिखल अडवण्याचे कामही संपले. नाव तेवढे मागे राहिले.

'क्लच' म्हणजे घट्ट पकड. इंजिनाची गती चाकांपर्यंत पोचायची, तर मधली पकड जुळलेली असावी लागते. पायाने क्लच दाबला की ती सुटते आणि पाय अलगद उचलला की पुन्हा जुळते. नवशिका घाईघाईने पाय उचलतो. मग गाडी हिसका देऊन जागच्या जागी बंद पडते!

मोटारीचे हे शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या अमदानीत आले. त्यांच्या देशात चालकांसाठी 'हायवे कोड' नावाची नियमपुस्तिका आहे; ती प्रथम १९३१ साली निघाली. तिच्यातील दोन शब्द प्रत्येकाने ध्यानात ठेवावेत असे आहेत. अडथळा दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जे अंतर तोडते, ते 'थिंकिंग डिस्टन्स'. ब्रेक लागल्यापासून ती थांबेपर्यंतचे अंतर ते 'ब्रेकिंग डिस्टन्स'. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, वेग असता ही अंतरे अनुक्रमे ९ व १४ मीटर मानली आहेत. वेग ६० मैल होताच ती १८ व ५५ मीटर होतात. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळजवळ चौपट होते! एकूण २३ मीटरांत थांबणारी गाडी आता ७३ मीटरांवर थांबते. चेंडूमागे धावत रस्त्यावर आलेल्या एखाद्या बालकाचे प्राण या दोन आकड्यांमध्ये अडकलेले असतात.

म्हणूनच वाहन चालवणाऱ्याची परीक्षा घेणे आवश्यक ठरले. ब्रिटनमध्ये १९३५ साली नव्या चालकांसाठी ही परीक्षा सक्तीची झाली. इंग्रजी 'एल' अक्षराची पाटीही तेथे त्याच वर्षी आली. हे 'लर्नर' म्हणजे शिकणारा या शब्दाचे आद्याक्षर. आपल्या देशातही शिकाऊ चालकाच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात हे अक्षर लावतात. ही पाटी लावण्यात कमीपणा नाही. 'मी अजून शिकत आहे, मला सांभाळून घ्या,' एवढेच ती इतरांना सांगते.

परीक्षेत उतरल्यावर मिळते ते 'लायसन्स'. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ मुभा असणे असा आहे. आपण त्याला 'परवाना' म्हणतो, तो शब्द फारसीतून आला. सरकारी कागदांत 'अनुज्ञप्ती' हा संस्कृत वळणाचा शब्द आढळतो. तिन्ही शब्दांचा भाव एकच. रस्ता सर्वांचा आहे. त्यावर वाहन चालवण्याची परवानगी समाज देतो, आणि ती काढूनही घेऊ शकतो. भारतात मोटार चालवण्याच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, ती याच जबाबदारीमुळे.

आता राहिला 'टेस्ट' हा शब्द. ज्या मातीच्या लहान भांड्यात सोने-रुपे तापवून त्याची शुद्धता पारखीत, त्या भांड्याचे हे नाव. आणि आपली 'कसोटी' म्हणजे तरी काय? सोन्याचा कस लावून पाहण्याचा काळा दगड! दोन दूरच्या भाषांना परीक्षेसाठी सोनाराच्याच दुकानातला शब्द सापडावा, ही गोष्ट किती अर्थपूर्ण आहे! परीक्षक शेजारी असताना गाडी नीट चालवणे फारसे अवघड नाही. शेजारी कोणी नसताना, रस्ता मोकळा असताना, दुसऱ्याच्या जिवासाठी जो आपला वेग आवरतो, तोच खरा कसाला उतरलेला चालक होय.