कावेरीच्या भातशेतीतली गुलामगिरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल मराठी वाचकाला बरंच ठाऊक असतं. लिंकन शाळेच्या पुस्तकातच भेटतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हेही अनेकांना माहीत असतं. पण कुंभकोणमहून कारैकालच्या दिशेला असलेल्या तिरुनीलक्कुडीच्या परिसरात भात पिकवणारी माणसं विकली जात, गहाण पडत, जमिनीबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात, हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं. तिरुनीलक्कुडीला लोक जातात ते नीलकंठेश्वराच्या देवळासाठी. सातव्या शतकातले शैव संतकवी अप्पर यांनी या देवाची स्तुती गायली आहे. देवळाभोवतीच्या शेतांचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही. या खोऱ्यावर सव्वाशे वर्षं मराठी राजांचं राज्य होतं, म्हणून तो आपण तरी विचारला पाहिजे.

गैरसमज : भारतात जातिभेद होता, पण गुलामगिरी नव्हती.

दोन्ही होतं, आणि कावेरीच्या खोऱ्यात ते एकमेकांत गुंतलेलं होतं. तिरुनीलक्कुडीपासून फार लांब नसलेल्या तिरुप्पांबुरम गावच्या देवळात तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातला, १२०१च्या सुमाराचा शिलालेख आहे. दुष्काळात उपासमारीची पाळी आलेल्या एका वेळ्ळाळाने स्वतःला आणि आपल्या दोन मुलींना ११० काशू नाण्यांना देवळाला विकलं, अशी त्यात नोंद आहे. वेळ्ळाळ ही शेतकरी जात, अस्पृश्य नव्हे. म्हणजे दुष्काळ कुणालाही गुलाम करू शकत असे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं दास्य आलं ते प्रामुख्याने पळ्ळर आणि परैयर या जातींच्या वाट्याला. पाण्याखालची शेती जितकी सुपीक, तितकी तिला राबणाऱ्या हातांची गरज मोठी. नांगरणी, लावणी, कापणी हे सगळं ठरावीक दिवसांत उरकायचं. ते हात पळून जाऊ नयेत म्हणून जमिनीचे मालक त्यांना बांधून ठेवत. इथे मालकाला मिरासदार म्हणत आणि बांधलेल्या माणसाला पन्नैयाळ. पन्नैयाळांची वस्ती गावाबाहेर, चेरीत. झोपडीची जागासुद्धा मालकाची, त्यामुळे मालकाशी भांडण म्हणजे घर गेलं.

अमेरिकेशी तुलना करताना फरक नीट पाहायला हवा. तिकडे माणसांच्या लिलावाचे मोठे बाजार होते आणि कुटुंबं तोडून मुलं शेकडो मैल दूर विकली जात. इकडे बहुतेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहत. म्हणून अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातली गुलामगिरी ‘सौम्य’ असल्याचं लिहून ठेवलं, आणि आपल्या लेखकांनीही ते उचललं. मला हे म्हणणं मान्य नाही. जो माणूस मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नाही, त्याला दुसऱ्या गावी विकलं नाही म्हणून त्याचं दास्य सौम्य ठरत नाही.

शिवाय विकून दूर पाठवलेलेही होतेच. १६५९ ते १६६१ या काळात विजापूरच्या फौजांनी तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला आणि दुष्काळ पडला. तेव्हा नागपट्टिणम आणि किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून डच कंपनीने हजारो माणसं विकत घेतली. बहुतेकांना सिलोनला नेलं, काहींना मलाक्का आणि बटाव्हियाला.

गैरसमज : या प्रकरणाशी मराठी माणसाचा काही संबंध नाही.

व्यंकोजी राजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं. भोसल्यांचा शेवटचा राजा, दुसरा शिवाजी, १८५५ साली वारला. १७९९ नंतर सत्ता कंपनीकडे गेली होती, पण त्याआधीची सव्वाशे वर्षं या भातशेतीचा सारा मराठी दरबारात जात होता. तिरुनीलक्कुडी ज्या तिरुविडैमरुदूर तालुक्यात येतं, त्याच तिरुविडैमरुदूरला गादीवरून दूर झालेले अमरसिंह राजे १७९८ नंतर जाऊन राहिले. सरस्वती महाल, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले वंशाचा शिलालेख, संगीत, नाटकं या सगळ्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. पण तो सगळा खर्च कुणाच्या राबण्यावर चालत होता, हा प्रश्न त्याच अभिमानाचा भाग व्हायला हवा. मराठी राजांनी ही पद्धत आणली नाही. ती त्यांच्या कितीतरी आधीची होती. पण त्यांनी ती मोडलीही नाही. खुद्द महाराष्ट्रातही पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत, त्यामुळे तंजावर हा अपवाद होता असं समजायचं कारण नाही.

याच खोऱ्यातून या दास्याविरुद्धची एक मोठी कलाकृतीही आली. गोपाळकृष्ण भारती (१८११–१८९६) यांनी तिरुविडैमरुदूरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने असलेल्या रामदास नावाच्या गवयाकडून हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले होते. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला कारैकाल इथे त्यांचं ‘नंदनार चरित्रम’ छापून निघालं. नंदन हा परैयर शेतमजूर आणि शिवभक्त. त्याला चिदंबरमला देवदर्शनाला जायचं आहे आणि मालक रजा देत नाही. शेवटी मालक म्हणतो, चाळीस वेली जमिनीची शेती पुरी कर आणि मग जा. एक वेली म्हणजे पावणेसात एकरांच्या आसपास. तेव्हा ही अट सुमारे २७० एकरांची झाली. बाराव्या शतकातल्या ‘पेरिय पुराणा’त नंदनाची कथा आहे, पण तिच्यात हा मालक नाही. तो भारतींनी आपल्या डोळ्यांदेखत असलेल्या तंजावरच्या शेतांतून उचलला. ही कथा गायली गेली ती ज्या कथाकालक्षेपाच्या परंपरेत, तिच्यावर तंजावरात रुजलेल्या मराठी कीर्तनाचा ठसा आहे. अमेरिकेत १८५२च्या ‘अंकल टॉम्स केबिन’ने घराघरांत गुलामगिरीची चर्चा नेली. नंदनाच्या कथेने इथल्या श्रोत्यांना रडवलं, पण त्या रडण्यातून चळवळ उभी राहिली नाही. कथेत सुटका देव करतो, आणि श्रोत्यांमधले मिरासदारही तृप्त मनाने घरी जात असावेत.

गैरसमज : अमेरिकेतलं युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, आणि लिंकनच्या एका फर्मानाने सगळे गुलाम सुटले.

यातला पहिला भाग दक्षिणेच्या पराभवानंतर पद्धतशीर पसरवला गेला. दक्षिणेचे नेते युद्धाआधी इतके आडपडद्याने बोलत नव्हते. फुटीर राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१मध्ये सव्हाना इथल्या भाषणात काळ्या माणसाचं दास्य हाच नव्या राष्ट्राचा पाया असल्याचं सांगितलं होतं. आणि पळालेले गुलाम उत्तरेतल्या राज्यांनी पकडून परत द्यावेत, असा १८५०चा केंद्रीय कायदा याच दक्षिणेला हवा होता. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत. १ जानेवारी १८६३चं लिंकनचं फर्मान फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होतं. केंटकी, मिझुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी पण न फुटलेली राज्यं त्यातून वगळली होती. देशभराची बंदी आली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. तिच्यातही गुन्ह्याच्या शिक्षेपोटी सक्तीच्या श्रमाची पळवाट राहिली, आणि तिचा पुढे दक्षिणेत भरपूर वापर झाला.

गैरसमज : इंग्रजांनी १८३३ साली आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी बंद केली.

हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. १८३३च्या ब्रिटिश कायद्याने वेस्ट इंडीज, मॉरिशस, केप इथल्या सुमारे आठ लाख गुलामांना मुक्त केलं आणि मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना काहीच दिलं नाही. पण त्याच कायद्यात एक कलम होतं: ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातले प्रदेश, सिलोन आणि सेंट हेलेना यांना तो लागू नाही. म्हणजे साम्राज्यातली सर्वांत मोठी दासवस्ती कायद्याबाहेर ठेवली. १८४१च्या सुमारास हिंदुस्थानात ८० ते ९० लाख गुलाम असावेत, असा अंदाज सर बार्टल फ्रिअर यांनी केला होता. हे मुंबईचे गव्हर्नरही होते. हा अंदाजच आहे आणि त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी १८६०च्या अमेरिकेत गुलामांची संख्या ४० लाखांच्या आत होती, हे शेजारी ठेवलं तर प्रश्न केवढा होता ते कळतं.

कंपनीने हात का आखडला? कारण सारा. जमिनीचा मालक सारा भरणार तो गुलामांच्या श्रमावर. मद्रास इलाख्यात साऱ्याच्या थकबाकीपोटी गुलाम विकले जात. मलबारमध्ये असा प्रकार गाजल्यावर १८१९ साली तो थांबवण्यात आला, आणि त्याच वेळी मद्रासच्या रेव्हेन्यू बोर्डाने कलेक्टरांकडून गुलामगिरीची माहिती मागवली. तिच्यातून फार काही निष्पन्न झालं नाही.

मग १८४३चा पाचवा कायदा आला. तो काय म्हणत होता ते बारकाईने वाचायला हवं. गुलाम म्हणून माणसावर सांगितलेला हक्क कोर्ट मान्य करणार नाही, सरकारी अधिकारी साऱ्यासाठी वा हुकूमनाम्यासाठी गुलाम विकणार नाही, आणि गुलामाला केलेली मारहाण इतर कुणालाही केलेल्या मारहाणीसारखाच गुन्हा ठरेल. बस. गुलाम बाळगणं हा त्याने गुन्हा ठरवला नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती दंडविधानाच्या ३७० आणि ३७१ या कलमांनी, आणि दंडविधान अमलात आलं १ जानेवारी १८६२ रोजी. तिरुनीलक्कुडीच्या शिवारात राबणाऱ्याला या कायद्याची खबर कुणी द्यायची? गावचा हिशेब ठेवणारा कर्णम आणि पाटलासारखा मुन्सिफ मिरासदारांच्या गोतावळ्यातलेच असत.

याच सुमाराला, १८५९ साली, तेरावा कायदा झाला. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुराला त्याने फौजदारी शिक्षा ठेवली. माणूस विकता येत नाही, पण उचल दिली की तो पळून जाऊ शकत नाही. १८६५पासून मिसिसिपीसारख्या राज्यांनी करार मोडून जाणाऱ्या काळ्या मजुराला पकडून आणण्याचे कायदे केले, ते याच जातीचे. दोन्हीकडे मालकांना एकच युक्ती सुचली.

गैरसमज : समुद्रापलीकडच्या मळ्यांवर गेलेले तमिळ मजूर म्हणजे नव्या नावाने गुलामच.

करारातल्या जाचाबद्दल हे बरंच खरं आहे. तरी तंजावरच्या पन्नैयाळासाठी नागपट्टिणमहून पेनांगला निघणारं जहाज ही गाव सोडायची जवळपास एकमेव संधी होती. मजूर निघून जातात म्हणून तक्रार करत होते ते मिरासदार.

गैरसमज : कायदा झाला आणि प्रथा संपली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तंजावरात पन्नैयाळाला दोन शिक्षा ठरलेल्या होत्या: सवुक्कडी म्हणजे चाबकाचे फटके, आणि साणिप्पाल म्हणजे शेणाचं पाणी पाजणं. १८४३नंतर शंभर वर्षांनी, १९४३-४४मध्ये, लाल झेंड्याखाली मजुरांची संघटना उभी राहिली. तिचे प्रमुख संघटक बी. श्रीनिवास राव हे कन्नडभाषक ब्राह्मण होते. १९४४ साली मन्नारगुडीला मिरासदारांशी करार झाला आणि या दोन शिक्षा बंद करण्याचं त्यांना कबूल करावं लागलं. १९५२ साली राजाजींच्या सरकारने तंजावरपुरता कुळं आणि पन्नैयाळ संरक्षण कायदा केला. एका महसुली गावात एक वेलीपेक्षा जास्त जमीन असलेल्यांना तो लागू होता. मालकांनी वाट काढली: कायमचे पन्नैयाळ ठेवायचेच नाहीत, रोजंदारीवर माणसं लावायची.

२५ डिसेंबर १९६८च्या रात्री जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळलं गेलं. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. कारण मजुरीची मागणी आणि लाल झेंडा. खालच्या कोर्टात मिरासदारांना शिक्षा झाली, मद्रास हायकोर्टाने त्यांना सोडलं. मोटारी बाळगणारी श्रीमंत माणसं स्वतः चालत जाऊन आगी लावतील हे पटत नाही, असा त्या निकालाचा तर्क होता.

मुक्तीनंतर जमीन कुणाला मिळाली, हेही दोन्हीकडे पाहायला हवं. अमेरिकेत जानेवारी १८६५मध्ये जनरल शर्मनने मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत केली. मुक्त झालेला माणूस वाटेकरी झाला आणि कर्जात अडकला. १८७७नंतर त्याचं मतही हिरावलं गेलं. तंजावरात १९७१च्या कायद्याने निदान झोपडीखालच्या जागेची मालकी राहणाऱ्याला मिळाली. मालकाशी भांडलं तर घर जाईल ही जुनी धमकी त्यामुळे बोथट झाली, आणि माझ्या मते १८४३च्या कायद्यापेक्षा हा छोटा कायदा पन्नैयाळाच्या जास्त उपयोगी पडला. विनोबांच्या भूदानात घडलेल्या जगन्नाथन आणि कृष्णम्माळ या दांपत्याने कीळवेण्मणीनंतर याच भागात काम सुरू केलं आणि १९८१ साली ‘लाफ्टी’ ही संस्था काढून दलित स्त्रियांच्या नावावर शेतजमिनी केल्या.

तंजावरच्या सरस्वती महालात मराठी दरबाराच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. तमिळ विद्यापीठाने काहींचे तमिळ अनुवाद छापले आहेत. महाराष्ट्रात आज अनेक तरुण मोडी शिकत आहेत. त्यांनी राजांच्या वंशावळी आणि नाटकांबरोबर या कागदांतले भाताचे, साऱ्याचे आणि चाकरांचे हिशेबही वाचावेत, आणि ते मराठीत छापावेत.