कण्या-भाजीची लाज कसली?

पाहुणे आले की आपण पोळी-भाताचा घाट घालतो आणि कण्यांचे पातेले झाकून ठेवतो. कण्या म्हणजे गरिबाघरचे जेवण, ही समजूत मनात खोल बसली आहे. तिला कारणही आहे. ताटात काय आहे ते पाहून माणसाची पायरी ठरवणारा आपला समाज! पाककृतींच्या पुस्तकांतही आपल्या चुलीला जागा नव्हती. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील दलितांचे अन्न पुस्तकात आणले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष ठरवले आणि तीच ज्वारी, तीच नाचणी मोठ्या हॉटेलांत मिरवू लागली. मग भगिनींनो, आपणच लाज का धरावी?

अंबाडीची एक जुडी आणा. पाने खुडून, धुऊन उकडा आणि पाणी पिळून काढा, नाहीतर भाजीने दात आंबतात. मूठभर तुरीची डाळ व मूठभर कण्या मऊ शिजवा, शेंगदाणेही त्यातच टाका. मग पाने घालून घोटा. हळद, तिखट, मीठ घालून रटरटू द्या. वरून लसूण आणि लाल मिरच्यांची फोडणी. लसूण चांगला तांबूस होऊ द्या, या भाजीची सारी चव तिथेच आहे. अंबाडी नसेल तर चुका चालतो. तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला आंबट नसतो, त्याचे पाणी मात्र फेकू नका.

कण्यांसाठी ज्वारी गिरणीतून भरडून आणावी. चाळून खाली पडेल ते पीठ भाकरीला, वर उरतील त्या कण्या. एका वाटीला चार वाट्या पाणी, चवीला मीठ, मंद आच. रात्री भिजत घातल्या तर गॅस वाचतो. ताकाबरोबर खाव्यात.

आता ज्वारी बऱ्याच ठिकाणी गव्हापेक्षा महाग झाली आहे, हे खरे. रोज नको, आठवड्यातून दोनदा करा. इतर दिवशी रेशनचा गहूच दळा, पण कोंडा चाळून टाकू नका. वाढत्या मुलांना नाचणीची आंबील द्यावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याला चिकटलेली भाजी खाणारी बाई प्रत्येक घरात आहे. तिची वाटी आधी काढून ठेवा. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही चालूच ठेवायच्या.

उरलेल्या कण्या सकाळी कांदा-मिरचीवर परतल्या की डब्याचेही काम भागते.