विश्लेषण : घरात कुणालाच मधुमेह नाही, मग मुलाला कसा झाला? टाइप १ मधुमेहात जनुकांचा वाटा किती?

आठ-दहा वर्षांचे मूल अचानक सारखे पाणी पिऊ लागते, रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठते, पोटभर जेवूनही वाळत जाते. तपासणीत रक्तातील साखर ४००च्या पुढे निघते आणि डॉक्टर त्याच दिवशी इन्सुलिन सुरू करतात. त्यानंतर बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, 'आमच्याकडे तर कुणालाच मधुमेह नाही, मग याला कसा?' पाठोपाठ दोषाची वाटणी सुरू होते. आईच्या माहेरून आला का, लाडाने गोड जास्त दिले का, अशी चर्चा होते. लहान भावंडालाही होईल का, ही धास्ती वेगळीच. या प्रश्नांची उत्तरे जनुकशास्त्राने गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी शोधली आहेत.

टाइप १ मधुमेह नेमका काय आहे?

मोठ्या माणसांत सर्रास आढळणारा मधुमेह टाइप २ प्रकारचा असतो. त्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू इन्सुलिनही कमी पडू लागते. टाइप १ची गोष्ट वेगळी आहे. जंतूंशी लढण्यासाठी असलेली रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वत:च्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर हल्ला करते. इन्सुलिन याच पेशींत तयार होते. त्या नष्ट होत गेल्या की इन्सुलिन बाहेरून घेण्याला पर्याय उरत नाही. गोड खाण्याने हा आजार होत नाही आणि गोड बंद केल्याने जात नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अहवालानुसार, भारतात २० वर्षांखालील सव्वादोन लाखांहून अधिक मुले-मुली टाइप १ मधुमेहासह जगत आहेत. हा आकडा जगात सर्वाधिक आहे.

कोणती जनुके धोका वाढवतात?

सर्वात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील 'एचएलए' जनुकांचा आहे. एकूण जनुकीय धोक्यापैकी साधारण निम्मा धोका याच भागातून येतो. एचएलए जनुके पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रकारचे तबक तयार करतात. पेशी या तबकात प्रथिनांचे तुकडे ठेवून रोगप्रतिकारक यंत्रणेच्या 'टी' पेशींना दाखवतात आणि टी पेशी 'हे आपले की परके' ते ठरवतात. तबकाची घडण माणसागणिक बदलते. 'डीआर३' आणि 'डीआर४' या गटांतील काही घडणींत स्वत:च्याच इन्सुलिनसारख्या प्रथिनांचे तुकडे अशा रीतीने मांडले जातात की टी पेशींची गफलत होण्याची शक्यता वाढते. उलट 'डीक्यू६' गटातील एक प्रकार या आजारापासून चांगले संरक्षण देतो.

दुसरा महत्त्वाचा भाग अकराव्या गुणसूत्रावर, खुद्द इन्सुलिनच्या जनुकाशेजारी आहे. छातीतील थायमस ही ग्रंथी म्हणजे टी पेशींची शाळा. तेथे त्यांना शरीराची स्वत:ची प्रथिने ओळखायला शिकवले जाते आणि त्यांच्यावर उलटणाऱ्या पेशी बाद केल्या जातात. काही मुलांत जनुकीय फरकामुळे थायमसमध्ये इन्सुलिन कमी तयार होते. मग इन्सुलिनवर उलटणाऱ्या टी पेशी या गाळणीतून निसटू शकतात. याखेरीज 'पीटीपीएन२२', 'सीटीएलए४', 'आयएल२आरए' अशा जनुकांसह ६०हून अधिक ठिकाणचे फरक आजाराशी जोडले गेले आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम किरकोळ असतो.

मग घराण्यात नसताना आजार येतो कसा?

टाइप १ मधुमेह झालेल्या दर १० मुलांपैकी साधारण नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो. कारण धोका वाढवणारे हे जनुकीय प्रकार दुर्मीळ नाहीत, ते निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. मुलाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. समजा आईकडे डीआर३ आहे आणि वडिलांकडे डीआर४. दोघेही आयुष्यभर निरोगी राहतात. पण दोन्ही प्रकार एकाच मुलात एकत्र आले, तर त्या मुलाचा धोका बराच वाढतो. म्हणजे घराण्यात आजार नसला तरी त्याचे तुकडे दोन्ही बाजूंना विखुरलेले असू शकतात. त्यामुळे 'हा कुणाकडून आला' या प्रश्नाला अर्थ उरत नाही. तरीही ही जोडी मिळालेल्या पाश्चात्त्य देशांतील दर २० मुलांपैकी साधारण एकालाच वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मधुमेह होतो. उरलेल्या १९ जणांना तोवर होत नाही.

भावंडांना धोका किती?

युरोपीय वंशाच्या लोकसंख्येतील अभ्यासांनुसार, सर्वसाधारणपणे दर २५० ते ३०० मुलांमागे एकाला हा आजार होतो. एका मुलाला असल्यास त्याच्या भावंडांत हे प्रमाण शंभरात पाच-सहा असते. म्हणजे धोका वाढतो, पण ९०हून अधिक भावंडे निरोगी राहतात. वडिलांना टाइप १ असल्यास अपत्याचा धोका शंभरात सहाच्या आसपास, तर आईला असल्यास त्याच्या साधारण निम्मा असतो. आईला दोष देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सर्वात बोलके उदाहरण एकसारख्या जुळ्यांचे आहे. त्यांची जनुके सारखीच असतात, तरी एकाला टाइप १ झाल्यावर दुसऱ्यालाही होतोच असे नाही. अनेक अभ्यासांत हे प्रमाण ३० ते ५० टक्के आढळले आहे, दीर्घ पाठपुराव्यात ते आणखी वाढते.

जनुके सारखी, तरी आजार कमी-जास्त का?

याचे उत्तर शोधायला संशोधक फिनलंडकडे पाहतात. टाइप १चे जगातील सर्वाधिक प्रमाण या देशात आहे. सीमेपलीकडच्या रशियाच्या कारेलिया भागातील लोकांत धोक्याचे एचएलए प्रकार जवळपास तेवढेच आढळतात. पण २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तेथील मुलांत आजाराचे प्रमाण फिनलंडच्या सुमारे एक षष्ठांश निघाले. शिवाय फिनलंडमध्येच १९५०च्या दशकापासून पुढच्या ५० वर्षांत रुग्णांचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. दोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत, म्हणजे भोवतालचे काही तरी बदलले. एंटेरोव्हायरस गटातील विषाणूंवर संशय आहे. लहानपणी जंतूंशी कमी संपर्क येणे हेही एक गृहीतक आहे. अमेरिका, फिनलंड, जर्मनी व स्वीडन या चार देशांतील 'टेडी' प्रकल्पात चार लाखांहून अधिक नवजात बाळांची जनुकीय तपासणी करून साडेआठ हजारांवर मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यातही विषाणूंचा संबंध दिसला, पण एकच एक कारण सापडले नाही.

भारतीय मुलांबाबत काय आढळले?

बहुतांश संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. भारतीय रुग्णांत डीआर३ गटाचा वाटा अधिक ठळक दिसतो आणि त्याच्याशी जोडलेल्या जनुकांची मांडणीही काहीशी वेगळी आहे. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची 'सीसीएमबी' ही संस्था आणि ब्रिटनचे एक्झेटर विद्यापीठ यांनी पुण्यातील रुग्णांवर केलेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला 'जनुकीय जोखीम गुणांक' भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखण्यास उपयोगी पडतो, असे त्यात दिसले. आपल्याकडे याचे महत्त्व मोठे आहे. भारतात टाइप २ तरुण वयात आणि सडपातळ व्यक्तींनाही होतो. त्यामुळे कोणता मधुमेह आहे हे ओळखताना चूक होऊ शकते. टाइप १च्या रुग्णाला नुसत्या गोळ्यांवर ठेवले, तर जिवावर बेतते.

मग जनुकीय चाचणी करावी का?

निरोगी मुलाची केवळ भीतीपोटी जनुकीय चाचणी करून फारसे हाती लागत नाही. ती धोका सांगते, भविष्य सांगत नाही. आजार सुरू होतो आहे का, हे कळण्यासाठी रक्तातील स्वप्रतिपिंडांची तपासणी अधिक उपयोगी ठरते. इन्सुलिन, 'जीएडी', 'आयए-२' व 'झेडएनटी८' यांच्याविरुद्धची ही प्रतिपिंडे लक्षणांच्या काही महिने ते अनेक वर्षे आधी दिसू लागतात. त्यांपैकी दोन किंवा अधिक प्रकार आढळलेल्या सुमारे ७० टक्के मुलांना १० वर्षांत मधुमेह झाल्याचे २०१३मधील अभ्यासात दिसले. रुग्णाच्या भावंडांसाठी ही तपासणी करावी का, हे बालमधुमेहतज्ज्ञाशी बोलून ठरवता येते. मात्र बाळाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला असेल, तर जनुकीय चाचणी आवश्यकच आहे. या वयातील मधुमेह बहुधा एकाच जनुकातील बिघाडामुळे होतो आणि त्यातील काही बाळे इन्सुलिनऐवजी गोळ्यांवर राहू शकतात.

आधी कळून उपयोग काय?

पहिला उपयोग जीव वाचण्याचा. निदान उशिरा झाल्यास रक्तात आम्ल साठून 'कीटोअ‍ॅसिडोसिस' होतो. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी ही त्याची लक्षणे पोटाचा साधा विकार समजून सोडून दिली जातात. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात ९० हजारांहून अधिक मुलांची प्रतिपिंड तपासणी झाली. त्यात २८० मुलांत, म्हणजे ०.३१ टक्के, आजाराची सुरुवात सापडली. अशा पाठपुराव्यातील मुलांत पुढे कीटोअ‍ॅसिडोसिसचे प्रमाण बरेच कमी राहते. इटलीने २०२३मध्ये बालकांच्या अशा तपासणीसाठी कायदाच केला. दुसरा उपयोग उपचाराचा. 'टेप्लिझुमॅब' या औषधाला अमेरिकेने नोव्हेंबर २०२२मध्ये मान्यता दिली. आठ वर्षांवरील, प्रतिपिंडे असलेल्या आणि साखर किंचित बिघडू लागलेल्या रुग्णांत ते प्रत्यक्ष आजार सरासरी सुमारे दोन वर्षे लांबवते. आजार कायमचा टाळणारे औषध मात्र अजून नाही.

जेथे अशा तपासण्या सहज मिळत नाहीत, तेथे ग्लुकोमीटरवर बोटाच्या रक्ताची एक चाचणी पुरेशी बोलकी ठरते. सतत तहान, वारंवार लघवी, घटते वजन, किंवा आधी अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा ओले करू लागणे, यांपैकी काही दिसले तर ती त्याच दिवशी करावी. कुटुंबात मधुमेह नाही, हे ती न करण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि इन्सुलिन एकदा सुरू झाले की कुणाच्याही सांगण्यावरून, कुठल्याही काढ्यासाठी ते बंद करू नये.