‘जाऊन येतो’ची भाषा

मिरकरवाड्याच्या बंदरावर हंगामात सकाळी उभे राहावे, तर राणीमासळीने भरलेल्या टोपल्या पायाशी येऊन पडतात. गुलाबी अंगाच्या या मासळीचे शास्त्रीय नाव आहे ‘नेमिप्टेरस जॅपोनिकस’! तिचा गर धुऊन, वाटून जो लगदा करतात, त्याला ‘सुरिमी’ म्हणतात. ती रत्नागिरीतही तयार होते. हा शब्द अस्सल जपानी. अर्थ, वाटलेली मासळी. म्हणजे जपानी भाषेचा निदान एक शब्द तरी आमच्या गावात येऊन पोचला आहे. गावातल्या मुलांनी त्या भाषेपर्यंत कसे पोचायचे, एवढाच प्रश्न उरतो.

तो माझ्यापुढे आणला माझ्याच वर्गातल्या एका मुलीने. घर मिरकरवाड्यात, वडिलांची होडी, विषय मराठी. तास संपल्यावर म्हणाली, ‘‘सर, मला पुढे जपानी शिकायचंय. पण चौकशी केली तर म्हणाले, आधी इंग्रजी सुधार.’’

मी पडलो मराठीचा मास्तर. जपानशी माझी ओळख शिरीष पैंनी मराठीत रुजवलेल्या हायकूपुरती. पण त्या उत्तराने मी डिवचला गेलो. जपानीची प्राथमिक पुस्तके मिळवली आणि चाळता चाळता थक्क झालो.

पहिले आश्चर्य वर्णमालेचे. जपानी मुलगा अक्षरे घोकतो ती अशी : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचे वर्णज्ञान तिकडे गेले, त्याची ही खूण. ‘हा’ मध्येच कसा, असे कोणी विचारील. पूर्वी त्याचा उच्चार ओठांनी, ‘प’सारखा होत असे, म्हणून तो पवर्गाच्या जागी, ‘मा’च्या आधी बसला आहे!

दुसरे आश्चर्य वाक्याचे. आपल्यासारखेच क्रियापद शेवटी आणि ‘ला’, ‘त’, ‘हून’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागून. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहणे’. यातले ‘पाहणे’ इंग्रजीतून समजावायला परिच्छेद खर्ची पडतो. आमच्याकडे मासळीची आमटी चाखायला देणारी आजी तो धडा रोज देते. मोठ्यांच्या जेवणाचे क्रियापदही तिकडे वेगळे. आपणही पाहुण्यांना ‘खा’ न म्हणता ‘घ्यावे’ म्हणतोच की!

आणि घराबाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो, ‘इत्ते किमासु’ : ‘जाऊन येतो.’ घरचे उत्तरतात, ‘इत्तेराश्शाइ’ : ‘जाऊन या.’ होडीवर निघालेल्या माणसाला ‘जातो’ म्हणू न देणाऱ्या घरातल्या मुलीला हे भाषांतर करून सांगायला हवे का?

मात्र मराठीने दार उघडते, पुढची वाट आपल्यालाच चालायची असते. नित्य वापराच्या कांजी, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांची जपानी सरकारची यादीच 2136 अक्षरांची आहे. बाशोचे हायकू मुळातून वाचायचे, तर त्याची सतराव्या शतकातली भाषा निराळी शिकावी लागते. तिथे कोणतीही मातृभाषा सवलत देत नाही.

तरीही ‘आधी इंग्रजी’ हे उत्तर मला पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे आठवतात. टोकियोजवळ नव्हे, प्रत्यक्ष टोकियोत 1901 साली निघालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि 1916 साली अण्णांनी पुण्यात महिला विद्यापीठ उभे केले. शिक्षणाचे माध्यम ठेवले मातृभाषा. जपानपासून घ्यायचे ते घेतले आणि आपल्या मुलींच्या भाषेत त्यांच्यापुढे ठेवले. शंभर वर्षांपूर्वी हे साधले, तर आज जपानीचे व्याकरण मराठीतून का सांगता येऊ नये?

पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे पदवीपर्यंतचे आणि त्यापुढचेही शिक्षण मिळते. त्या मुलीला मी तिकडचा पत्ता दिला. इंग्रजीही शीक म्हटले. पण अडसर म्हणून नव्हे, आणखी एक भाषा म्हणून. आणि तोवर आम्ही दोघे आठवड्यातून दोनदा, तास संपल्यावर, का-सा-ता-ना गिरवू लागलो. पाढे माझेच जास्त चुकतात.

परवा वर्गातून निघताना ती दारात थांबली, किंचित वाकली आणि म्हणाली, ‘‘इत्ते किमासु, सर.’’

उत्तर मला येत होते. मराठीतून पाठ केले होते ना!